पाटकऱ्याचं घर शेवटी

सांगदरा,
९ फेब्रुवारी १९९३

सैफिद्दीन,

पत्राच्या वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. थोरल्या भावाला अका म्हणतात, पण साडेसहा वर्षांत तू मला एकदाही अका म्हटलं नाहीस. मग मीच कशाला 'लाडक्या धाकट्या भावास' लिहून स्वतःचं हसं करून घेऊ?

काल गिरणीवर गोळा पडला तेव्हाच कळलं की समोरच्या पिवळ्या टेकडीवर तू आहेस. पहिला अलीकडं, दुसरा पलीकडं, तिसरा बरोबर छपरावर. फौजेतून परत आलास तेव्हा अंगणात खडे मांडून मला हेच शिकवलं होतंस. आपल्या खोऱ्यात असं मोजूनमापून मारणारा दुसरा कोण आहे? गिरणीत माणूस नव्हतं. पीठ होतं, ते सगळं बर्फावर सांडलं. बायका अजून चाळण्या घेऊन बसल्यात आणि तुला ज्या शिव्या देताहेत त्या मी इथं लिहीत नाही.

हे पत्र ओयनिसो आत्या घेऊन येते आहे. तिला दोन्हीकडचे शिपाई अडवत नाहीत, कारण निम्म्यांची सुईण तीच. परवा आमच्यातल्याच एका दीडशहाण्यानं तिची झडती घ्यायला हात पुढं केला, तर म्हणाली, "तुझी झडती मी घेतलीय रे, जन्मलास तेव्हाच. काही विशेष सापडलं नव्हतं." तेव्हापासून तो पोरगा मान खाली घालून फिरतोय.

आता कामाचं. तुमची माणसं खालच्या रस्त्यानं दोन दिवसांत वर येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. मी इथला सेनापती आहे, हे तुझ्या कानावर आलं असेल. हसलास का? मीही हसलो होतो. ज्यांना सेनापतीसारखं बोलता येत होतं ते सगळे शहरात गेले, उरलेल्यांनी पाटाचं पाणी वाटणाऱ्या पाटकऱ्याला पुढं केलं. म्हणाले, "नुसरत, तुझं ऐकायची सवय आहे आम्हाला." आमच्याकडं माणसं किती, बंदुका किती, ते सांगणार नाही. भाऊ असलास तरी तू तोफेमागं बसलेला आहेस. एवढंच सांगतो, गावात म्हातारी, बाया, पोरं मिळून चारशे बारा जीव आहेत आणि नदी ओलांडायला तोच एक झुलता पूल. तारा सैल झाल्यात, चौघांपेक्षा जास्त माणसं एका वेळी चढवता येत नाहीत. म्हणजे सगळे पार व्हायला एक आख्खा दिवस. पूल पडला तर हे लोक नदी आणि तुमच्या बंदुका यांच्या मध्ये राहतील. खालच्या गावात गेल्या महिन्यात काय झालं ते तुलाही माहीत आहे.

मला तुझ्याकडून एक दिवस हवा. ११ तारीख. पूल सोड. बाकी आमच्यावर हवे तेवढे गोळे टाक.

आईची काळजी करू नकोस. ती गेल्या आठवड्यातच पलीकडं मावशीकडं गेली.

जर्दाळूंचं प्रकरण मी काढणार नव्हतो, पण आता लिहायला बसलोच आहे तर लिहितो. दुष्काळात काड्या टाकून पाण्याच्या पाळ्या ठरतात आणि पाटकऱ्याच्या घरची काडी त्यात नसते. त्याचं घर शेवटी. हा नियम ना मी केला, ना बाबांनी. पाटकऱ्यानं भावाच्या शेताचं दार आधी फोडलं की दुसऱ्या दिवशी गावात फावड्यांनी डोकी फुटतात. त्या उन्हाळ्यात तुझी पाळी यायच्या दोन दिवस आधी पाट आटला आणि तुझी चाळीस रोपं वाळली. तू विचारलंस, "भावापेक्षा नियम मोठा का?" मी म्हणालो, "पाळी आली की मिळेल." कोरड्या पाटाच्या कडेला उभं राहून असं बोलायला नको होतं. मला ते त्याच संध्याकाळी कळलं. पण सांगायला आलो तोवर तू बायकोमुलांना घेऊन सासुरवाडीला निघून गेला होतास, आणि यादवी पेटल्यावर तिथल्यांनी तुला तोफेवर बसवलं.

उत्तर आत्याकडं तोंडी दे. कागद सापडला तर तुझंच नुकसान.

नुसरत

११ फेब्रुवारी १९९३, सूर्य उगवताना

सैफिद्दीन,

तुझं उत्तर मिळालं. आत्यानं तुझ्यासारखं तोंड करून सांगितलं: "त्याला म्हणावं, पाळी आली की मिळेल." वर म्हणाली, "दोघं एकाच आईचे, शंकाच नको. गाढवं सुद्धा तुमच्यापेक्षा लवकर वळतात."

ठीक आहे. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं. मी परत मागणार नाही.

आम्ही काल काय केलं ते आता तुला दुर्बिणीतून दिसतच असेल, तेव्हा सांगायला हरकत नाही. तुमच्या चिलखती गाड्या आम्ही बंदुकांनी अडवू शकत नाही. म्हणून काल दुपारी वरच्या तळ्याचं दार फोडलं आणि सगळं पाणी खालच्या चढावर सोडलं. दाराची फळी बर्फात रुतून बसली होती. दोन तास कुऱ्हाडीनं फोडत होतो, मांडीपर्यंत पाण्यात. पोरं म्हणत होती, अका, तुम्ही बाहेर या, आम्ही उतरतो. पण दुसऱ्याला असल्या पाण्यात उतर म्हणायचं तर आधी आपले पाय ओले हवेत. बाहेर आलो तेव्हा गुडघ्याखाली काही आहे की नाही ते समजत नव्हतं. ट्रॅक्टरवाला रजब व्होडकाची बाटली घेऊन आला आणि ती माझ्या पायांवर ओतायला लागला. म्हणाला, "पोटात घातलीस तर तुला पाप. पायांना माफ आहे." दिवस मावळेपर्यंत पाणी गोठून सगळा चढ आरशासारखा झाला होता.

भीती वाटते का, असं तू विचारलं नाहीस तरी सांगतो. वाटते. रात्री झोप येईना तेव्हा पाळीच्या काड्या पुन्हा पुन्हा मोजत बसलो.

आज पहाटे सगळे जागेवर जायच्या आधी घरातून कुणी दूर निघाला की करतात तसाच निरोप झाला. एकतीस नान भाजले, प्रत्येकानं आपापल्या नानाचा एक घास तोडला, उरलेला परत आल्यावर खायचा म्हणून फडक्यात बांधून ठेवला. आईनं नेहमीसारखंच मीठ जास्त घातलं होतं. रजब म्हणाला, असले खारट नान संपवायला परत यायचं म्हणजे शिक्षाच आहे.

पुलावर माणसं चढायला लागली आहेत. काड्या टाकूनच क्रम लावला. पहिली काडी लोहाराच्या घराची निघाली, सात पोरं आहेत त्याला.

आत्या घाई करते आहे. तिला गोळीबार सुरू व्हायच्या आत टेकडीखाली पोचायचं आहे.

नुसरत

वाखोन्दरा, नदीपलीकडं
२६ फेब्रुवारी १९९३

सैफिद्दीन,

रोजे सुरू झालेत. इथल्या लोकांनी आम्हाला शाळेत जागा दिली आहे, एकेका वर्गात पाच-सहा कुटुंबं. हे पत्र कुणाकडं द्यायचं ते ठाऊक नाही. आत्या काल आली, लांबचा फेरा घालून. म्हणाली, त्याच संध्याकाळी तुला तोफेवरून उतरवून हात बांधून खाली नेलं. कुठं, ते तिला कळलं नाही. तरी लिहितो, नाहीतर डोक्यात सगळं घोळत राहतं.

आमच्या बाजूनं काय घडलं ते तुला वरून नीट दिसलं नसेल.

तुमची पहिली गाडी चढावर निम्म्यापर्यंत आली, गोल फिरली आणि मागं घसरत दुसरीवर आदळली. आमची पोरं टाळ्या पिटायला लागली, मी त्यांना गप्प केलं. मग पायदळ आलं, रांगत, बर्फाला कुदळी मारत. आमच्याकडं सात रायफली आणि बाकी शिकारीच्या बंदुका. तीस पावलांच्या आत आल्याशिवाय गोळी सुटता कामा नये, एवढा एकच हुकूम मी दिला होता. पण तीस पावलं किती असतात हे भ्यालेल्या माणसाला कळत नाही. म्हणून मी धोंड्याच्या पुढं जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं, मी खाली बसलो की मारा. तेवढ्या वेळात माझ्या टोपीला एक गोळी लागली. तुझी वहिनी जुमागुल म्हणते, टोपीच्या जागी अक्कल असती तर तिलाही लागली असती.

अकराच्या सुमाराला मेंढवाड्याकडची फळी फुटली. चौघं बंदुका टाकून पळाले. मी ओरडलो नाही. बांध फुटतो तेव्हा पाटकरी ओरडत बसत नाही, फुटलेल्या जागेवर जाऊन स्वतः उभा राहतो, मग माणसं आपणहून फावडी घेऊन येतात. मी तसाच मेंढवाड्यात जाऊन बसलो, एकटा, आणि जवळच्या बंदुकीतून एक-एक गोळी मारत राहिलो. माझी गोळी फारशी कुणाला लागत नव्हती. पण थोड्या वेळानं पहिला परत आला, मग तिघंही. कुणी कुणाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. त्या चौघांपैकी दोघं दुपारी तिथंच गेले. त्यांच्या बायकांना मी एवढंच सांगितलं की ते जागेवर होते. ते खरंच आहे.

आता तुझ्याविषयी. सकाळपासून दर पाऊण तासानं तुझा एक गोळा येत होता आणि पुलाच्या खाली चाळीस पावलांवर, त्याच एका डोहात पडत होता. अकरा गोळे, अकराही डोहात. रजब म्हणाला, "तुझा भाऊ मासे मारतोय का रे?" मी म्हणालो, "गप्प राहा आणि मोजत राहा." एका गोळ्यानंतर दुसऱ्या गोळ्यापर्यंत किती माणसं पार होतात ते आम्हाला समजलं आणि त्या बेतानं आम्ही पुलावर माणसं सोडत राहिलो. प्रत्येक वेळी नदी उसळून बायका-पोरांवर पाणी उडायचं, किंकाळ्या फुटायच्या, पण कुणाला ओरखडाही आला नाही. तुझ्याशेजारी तुझा वरचा अधिकारी उभा असणार आणि त्याला तू काय थापा मारत होतास ते तुझं तुला ठाऊक.

तीनला रजब गेला. मी त्याच्याजवळ होतो. शेवटी काहीतरी विनोद करेल असं वाटत होतं, पण नुसता माझा हात धरून राहिला. मला तो फार आठवतो रे. सकाळी डोळे उघडले की आधी तोच आठवतो.

चारशे बारा जण पार झाले. आम्ही एकतिसांतले बावीस जण पार झालो आणि मग तारा तोडल्या. शेवटी पुलावर काय झालं ते तू पाहिलंसच. त्याबद्दल आज मला लिहवत नाही.

आईनं नानांचं फडकं स्वतः वागवत आणलं होतं. बावीस जण आले, आपापला नान घेतला, खाल्ला. नऊ राहिले. तिनं ते आठवडाभर ठेवले, मग त्या त्या घरी नेऊन दिले. नवव्या वेळी, रजबच्या घरून परत आल्यावर, तिनं ते रिकामं फडकं धुऊन वाळत घातलं.

हो, आई. मी तुला खोटं लिहिलं होतं. ती मावशीकडं गेली नव्हती. आणि पुढच्याच पत्रात नान, मीठ, एकतीस, सगळं ओकून बसलो. सेनापती म्हणे!

तू जिवंत असावास. मला दुसरं काही मागता येत नाही.

नुसरत

सांगदरा,
१४ सप्टेंबर १९९७

सैफिद्दीन,

ओयनिसो आत्याचा भाचा दक्षिणेत कापूस आणायला गेला होता. तो सांगत आला की बाजाराच्या मागं सायकली दुरुस्त करणारा एक माणूस आहे, डाव्या कानानं ऐकू येत नाही, कमी बोलतो आणि स्क्रू ठेवतानाही मोजून ओळीत मांडतो. मी विचारलं, नाव काय? त्यानं तुझं नाव सांगितलं आणि मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. जुमागुल धावत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं. मी रडत होतो. पन्नाशी उलटलेला माणूस, चारचौघांसमोर.

दोन वर्षं तुला कोठडीत ठेवलं होतं हेही त्यानं सांगितलं. त्या संध्याकाळी तू तोफेच्या पोटातला, ज्याच्याविना गोळा सुटत नाही असा, कसलासा लोखंडी तुकडा काढून दरीत फेकलास, म्हणून. चारशे चौतीस माणसं त्या अकरा गोळ्यांवर आणि त्या एका तुकड्यावर पार झाली आणि त्याचं मोल तुझ्या कानानं भरलं.

तह झाल्यावर आम्ही जूनच्या शेवटी गावात परत आलो. आता लोक मला फार मान देतात. लग्नाकार्यात वरच्या जागी बसवतात. नव्या मास्तरानं तर पोरांना गोष्टच सांगितली की आमच्या नुसरत अकांनी लढाईतसुद्धा नियम मोडला नाही, स्वतःच्या म्हाताऱ्या आईला सर्वांच्या शेवटी ठेवलं. पोरं माझ्याकडं टकामका बघतात. मला ते सोसत नाही, आणि का सोसत नाही ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

त्या सकाळी गावानं मला मोकळं केलं होतं. म्हातारे आले, म्हणाले, "नियम पाण्याचा आहे, माणसांचा नाही. तुझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, खोकते आहे, तिला पहिली पाठव. कुणी ब्र काढणार नाही." लोहारानं स्वतःची काडी पुढं केली. मी म्हणालो, नाही, पाटकऱ्याचं घर शेवटी. म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. जुमागुलचे आले नाहीत. ती मला कोपऱ्यात घेऊन गेली आणि एकच विचारलं, "नियम, की सैफिद्दीन?"

मी उत्तर दिलं नाही. आज देतो. सैफिद्दीन.

तुझं उत्तर आल्यावर मी रात्रभर एकच हिशेब केला होता. तू मला सोडणार नाहीस, पण आईवर गोळा टाकणार नाहीस. आणि नियम तुला पाठ आहे. 'आई मावशीकडं गेली' हे तुला पटणार नाही, हे मला लिहितानाच ठाऊक होतं. पाटकऱ्याची आई शेवटी हे सांगदऱ्यात जन्मलेल्या प्रत्येकाला कळतं. म्हणजे ती जोवर अलीकडच्या काठावर आहे, तोवर पूल उभा. मी स्वतःच्या आईला खुंटीसारखं तिथं ठोकून ठेवलं, वर जगाला सांगितलं की हा न्याय आहे. ती पाण्याची गोष्ट होती तेव्हा मी खरंच नियमासाठी वागलो होतो आणि तू मला दगड म्हणालास. या वेळी मी तसा नव्हतो, तर लोक माझं कौतुक करतात. उलटा न्याय म्हणायचा.

आणखी एक. जुमागुल आणि आमची लेक मेहरांगेज पार झाल्या, मग आई निघाली, फडकं घेऊन. पुलाच्या मध्यावर पोचली आणि खाली बसली. तुला वाटलं असेल की दमली. आम्हालाही तेच वाटलं. ती फळ्यांवर नीट मांडी घालून, तुझ्या टेकडीकडं तोंड करून बसली, नानांचं फडकं मांडीवर. आणि माझ्याकडं वळून ओरडली, "आता तुझी माणसं आण. एकेक करून. मी बसलेय तोवर तो मारायचा नाही."

बघ, माझ्या हिशेबात हे नव्हतंच. ती पार झाली की तुला अडवणारं काही उरत नव्हतं, आणि आम्ही बावीस जण त्या पुलावर उघड्यावर सापडलो असतो. मी ते धरूनच चाललो होतो. गाव वाचलं, आपण नाही वाचलो तरी चालेल, एवढंच ठरवलं होतं. ती मात्र सगळं आधीच ओळखून होती. बावीस जण तिच्या बाजूनं सरकत गेले, प्रत्येकानं तिच्या खांद्याचा आधार घेतला. काठावरून गोळ्या येत होत्या. ती पोरांना म्हणत होती, "सावकाश, फळी निसटती आहे."

शेवटी मी पोचलो. म्हणालो, "आई, ऊठ."

ती म्हणाली, "तू मला इथं का ठेवलंस ते मला पहाटेच कळलं होतं."

मी तिच्याजवळ फळीवर गुडघे टेकले.

"मी बसलेच असते रे. दोन दिवस बसले असते. पण विचारायचं होतंस. तू त्या जर्दाळूंच्या वेळी त्याला विचारलं नाहीस, आज मला विचारलं नाहीस. सगळं ठरवून मोकळा होतोस, आणि म्हणतोस नियम."

मग तिनं हात पुढं केला आणि मी तिला उठवलं. साडेचार वर्षं झाली, त्यावर ती पुन्हा एक शब्द बोललेली नाही. मीच दर चार दिवसांनी तो विषय मनात काढतो.

आता ती एकोणऐंशीची आहे. नीट दिसत नाही, पण माणसं पावलांवरून ओळखते. तू जिवंत आहेस हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं आधी चाचपत आपले जोडे शोधले, मग म्हणाली, "त्याच्याकडं जायला गाडी कुठून मिळते?" मी म्हणालो, तुला इतका प्रवास झेपायचा नाही, मीच त्याला घेऊन येतो. आणि बोलता बोलता जीभ चावली. पुन्हा ठरवून मोकळा झालो होतो.

म्हणून मी निघालो नाही. हे पत्र आत्याच्या भाच्याबरोबर पाठवतो आहे आणि तो दोन दिवस तिथं थांबेल. सैफिद्दीन, तू इकडं येशील का? की आम्ही आईला घेऊन तुझ्याकडं यावं? की दोन्ही नको? तू काय म्हणशील ते मला चालेल, नाही म्हणालास तरी. मी फक्त विचारतो आहे.

तुझा भाऊ,
नुसरत